दिवाणाचं गणगोत

इंडोनेशियाच्या संसदेचं नाव आहे 'देवान परवाकिलान रक्यात'. एकदा सावकाश, मोठ्यानं म्हणून बघा. 'रक्यात' म्हणजे रयत. 'परवाकिलान'च्या पोटात 'वाकिल' दडला आहे; तो आपला वकील, पुढे-मागे मलय प्रत्यय लागून त्याचं 'प्रतिनिधित्व' झालं. आणि 'देवान' म्हणजे दिवाण. ज्या शेतकऱ्यानं उभ्या जन्मात समुद्र ओलांडला नाही, त्यालाही जकार्तातल्या या पाटीवरचे तिन्ही शब्द घरचेच वाटतील. तिन्हींची गाठ त्यानं तालुक्याला एकाच दिवशी घेतलेली असते.

शेजारच्या मलेशियात संसदेचं कनिष्ठ सभागृह 'देवान रक्यात' आणि वरिष्ठ सभागृह 'देवान नेगारा'. हा 'नेगारा' म्हणजे संस्कृतातलं नगर. तिथे त्याचा अर्थ वाढून 'देश' झाला. त्याच देशातल्या वसतिगृहात 'देवान माकान' अशी पाटी दिसते. तिथे खासदार बसत नाहीत, तिथे मुलं भात खातात. ती खानावळ.

आता नकाशावर पश्चिमेकडे सरकत जा. मॉस्कोत 'दिवान' म्हटलं की सोफा. वॉर्सात तोच शब्द म्हटला तर दुकानदार गालिचा उलगडून दाखवील. इस्तंबूलमध्ये इतिहासाच्या मास्तरांना विचारलंत तर ते सुलतानाच्या मंत्रिमंडळाबद्दल सांगतील, साहित्याच्या मास्तरांना विचारलंत तर गझलांच्या पुस्तकाबद्दल. पॅरिसच्या विमानतळावर 'दुआन' अशी पाटी दिसते आणि तिच्याखाली सामान तपासायला माणसं उभी असतात. आपल्या तालुक्याच्या कोर्टावर 'दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर' असतं. आणि घरात, भिंतीला टेकवलेला, खाली गाद्या-रजया कोंबलेला दिवाण असतो तो वेगळाच.

कायदेमंडळ, खानावळ, सोफा, गालिचा, मंत्रिमंडळ, काव्यसंग्रह, जकात, न्यायालय, पलंग. या सगळ्यांची आई एक आहे, यावर पटकन विश्वास बसत नाही. पण ती आहे, आणि ती मातीची आहे.

आजच्या दक्षिण इराकमध्ये, सुमेर देशात, चार-पाच हजार वर्षांपूर्वी लोक ओल्या मातीच्या पाटीवर बोरूनं टोचून लिहीत. किती पोती जव आले, कोणाला किती मेंढ्या दिल्या, असला हिशेब त्यात फार. या पाटीला सुमेरी भाषेत 'दुब' म्हणत. सुमेरी बोलणारे मागे पडले, पण लिहिण्याची विद्या अक्कदी लोकांनी उचलली आणि शब्दही उचलला. 'दुब'चं 'तुप्पु' झालं. तिथून तो इराणच्या नैर्ऋत्येला एलाम देशात गेला, 'तुप्पि' झाला. एलामी कारकुनांच्या हाताखाली इराणी राजे लिहवून घेऊ लागले आणि जुन्या फारसीत शब्द आला, 'दिपि'. इ.स.पू. 520च्या सुमारास दारयवहु राजानं बेहिस्तूनच्या कड्यावर जो भलामोठा लेख कोरवला, त्यात तो स्वतःच्या लेखाला 'दिपि'च म्हणतो. (हा लेख कड्यावर चढून उतरवून घेणारा हेन्री रॉलिन्सन कंपनीच्या मुंबई फौजेत कॅडेट म्हणून भरती झालेला होता.)

'दिपि' म्हणजे लेख, दस्तऐवज. जुन्या फारसीत घराला 'वहन' म्हणत. संस्कृतात जिथे 'स' असतो तिथे इराणी भाषांत बऱ्याचदा 'ह' येतो. सप्ताहाचा हप्ता होतो तो याच वाटेनं. म्हणजे हे 'वहन' आपल्या वस् धातूचं, वसती-निवासाचं भावंड. 'दिपि' राहते ते घर, म्हणजे दफ्तरखाना. 'दिपिवहन' असा सबंध शब्द कोणत्याही शिलालेखात मिळालेला नाही. नंतरच्या पहलवी रूपांवरून भाषाशास्त्रज्ञांनी तो मागे चालत जाऊन बांधला आहे. पण तो झिजून झिजून 'दीवान' झाला, हे बहुतेकांना मान्य आहे. गंमत अशी की सुमेरी लोक आपल्या लेखनिकांच्या शाळेला 'ए-दुब्बा' म्हणत. अर्थ, पाट्यांचं घर. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषांनी, दीडेक हजार वर्षांच्या अंतरानं, एकाच शब्दाभोवती एकाच प्रकारचं घर बांधलं.

आणि मग मराठीनं त्या घराला आणखी एक घर जोडलं. दिवाणखान्यातला 'खाना' म्हणजेही फारसीत घरच. लेख-घर-घर. वाड्याच्या माडीवरच्या त्या खोलीत पाहुणे गाद्यालोडांना टेकून पान जमवत, तेव्हा कोणाच्याही गावी नसे की या शब्दात घर दोनदा आलंय.

इथपर्यंत हा शब्द आपल्याकडे फारसीतून, सुलतानांच्या दरबारातून आला असं वाटतं, आणि 'दिवाण'पुरतं ते खरंही आहे. पण त्याची मोठी बहीण त्याआधी दीड हजार वर्षं इथे येऊन राहिलेली होती, आणि ती इतकी मुरली की तिला कोणी परकी म्हणायला धजणार नाही. सम्राट अशोकाचे शिलालेख आठवा. गिरनारच्या कातळावर तो आपल्या लेखाला 'धंमलिपी' म्हणतो. पण आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढी आणि मानसेहरा इथे, खरोष्ठीत कोरलेल्या त्याच आज्ञांमध्ये तोच शब्द 'ध्रमदिपि' असा येतो. दिपि! हा भाग पूर्वी इराणी साम्राज्यात होता. तिथल्या कारकुनांच्या हातात दारयवहुचा शब्द होता, तोच त्यांनी दगडावर उतरवला. इतकंच नाही, 'लिहिलं' या अर्थी तिथे 'निपिस्त' असंही येतं, तेही इराणीच.

'लिपी' हा शब्द लिप् म्हणजे लिंपणे या धातूपासून आला, असं आपल्याला शाळेत शिकवतात. अनेक अभ्यासकांचं म्हणणं वेगळं आहे: 'दिपि' इकडे आली, 'लिंपणे', 'लिहिणे' यांच्या सहवासात तिच्या 'द'चा 'ल' झाला, आणि मग व्युत्पत्ती मागाहून जुळवली गेली. पाणिनी वायव्येकडचा, त्याच्या सूत्रात 'लिपि' आणि 'लिबि' अशी दोन्ही रूपं शेजारीशेजारी येतात. शब्द अजून स्थिरावलेला नसावा, असं त्यावरून वाटतं. मला स्वतःला 'दिपि'वाल्यांची बाजू पटते, शाहबाजगढीच्या त्या एका अक्षरामुळे. ती खरी असेल तर 'देवनागरी लिपी' लिहिताना आपण दर वेळी सुमेरी मातीला हात लावतो.

या कुटुंबाचा तिसरा सदस्य तर महाराष्ट्रात आडनाव लावून हिंडतो. 'दिपि' बाळगणारा, लिहिणारा तो फारसीत 'दबीर'. बहमनी-आदिलशाही काळात तो मराठीत 'डबीर' झाला. परराज्यांशी पत्रव्यवहार पाहणारा मुत्सद्दी. शिवाजी महाराजांनी 1674मध्ये राज्याभिषेक करवून घेतला तेव्हा पदांची नावं संस्कृत केली, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. अष्टप्रधानांतून 'डबीर' गेला, पण आडनावात टिकला. आणि 'सुरनीस', 'फडणीस', 'चिटणीस' यांच्या शेवटी जो 'नीस' आहे तो फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. त्याचं मूळ शोधत गेलं तर आपण पुन्हा शाहबाजगढीच्या 'निपिस्त'पाशी येऊन उभे राहतो. एखाद्या डबिरांच्या मुलीचं फडणीसांच्या घरी लग्न ठरलं असेल, तर अशोकाच्या वायव्येकडच्या कारकुनाचे दोन्ही शब्द एका पत्रिकेत आले म्हणायचे.

आता अरबस्तानात. इराणचं ससानी साम्राज्य अरबांनी जिंकलं, लुटीचा आणि खंडणीचा पैसा मदिनेत येऊ लागला. तो वाटायचा कसा? इ.स. 640च्या सुमारास खलिफा उमर यांनी इराणी पद्धतीची वही घातली. सैनिकांची नावं, टोळी, कोणाला वर्षाला किती तनखा. या वहीला नाव पडलं दीवान. पुढे वही ठेवणारी कचेरी दीवान, मग प्रत्येक खात्याला दीवान: सैन्याचा वेगळा, जमीनमहसुलाचा वेगळा, टपालाचा वेगळा.

अरब लेखकांना शब्दाचं मूळ ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी एक गोष्ट रचली. इराणचा बादशहा खुस्रो एकदा कचेरीत डोकावला. कारकून मान खाली घालून, आपल्याशीच पुटपुटत आकडेमोड करत होते. तो म्हणाला, हे तर दीवाने, झपाटलेले! इब्न खल्दूननंही ही कथा नोंदवली आहे. व्युत्पत्ती म्हणून ती टाकाऊ, पण मार्चअखेरीला कुठल्याही अकाउंट्सच्या खोलीत डोकावणाऱ्याला ती खोटी वाटणार नाही. 'दिवाना' हा शब्द प्रत्यक्षात 'दीव'पासून आला, आणि 'दीव' म्हणजे इराणात राक्षस. आपला 'देव' तिकडे राक्षस झाला. तो सगळा निराळा वाडा आहे, तिथे आज शिरायला नको.

वहीतून कविता कशी निघाली? या वळणावर मी सर्वांत जास्त रेंगाळतो. अरबी-फारसी परंपरेत एका कवीच्या सगळ्या रचनांचा संग्रह म्हणजे त्याचा दीवान. वही म्हणजे नोंद, आणि अरब आपल्या टोळ्यांचा इतिहास, वंशावळी, लढाया कवितेतच जपून ठेवत. कविता हीच त्यांची नोंदवही होती. पण कारकुनाची सवय दीवानाच्या मांडणीतही राहिली. गझलांचा दीवान विषयवार किंवा कालक्रमानं लावत नाहीत. प्रत्येक गझलेच्या यमकाचं शेवटचं अक्षर बघायचं आणि वर्णमालेच्या क्रमानं ती रांगेत बसवायची: आधी अलिफवर संपणाऱ्या, मग बे, मग ते. प्रेमाचं दुःख अकारविल्हे लावलेलं! मिर्झा गालिब यांचा उर्दू दीवान 1841मध्ये दिल्लीत पहिल्यांदा छापला गेला, तोही अलिफच्या गझलेनंच उघडतो.

चौदाव्या शतकातल्या शिराजच्या हाफिजचा दीवान इराणी घरांत आजही शकुन बघायला उघडतात. हिवाळ्यातल्या सर्वांत लांब रात्री, यल्दाला, हमखास. 1812-13मध्ये हामर-पुर्गश्टालनं त्याचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध केला, तो साठी उलटलेल्या गोएथेच्या हाती पडला, आणि गोएथे असा पेटला की 1819मध्ये त्यानं स्वतःच एक दीवान छापला, नावातच पश्चिम आणि पूर्व दोन्ही घेऊन. पुढे 1999मध्ये डॅनिएल बारेनबॉइम आणि एडवर्ड सईद यांनी इस्राएली आणि अरब तरुण वादकांना एकत्र बसवून एक ऑर्केस्ट्रा उभा केला, तोही गोएथेच्याच गावी, वायमारला. त्याचं नाव त्यांनी या पुस्तकावरूनच घेतलं.

दुसरी फांदी बंदरात गेली. भूमध्य समुद्राच्या बंदरांवर अरबांच्या जकात-कचेरीला 'दीवान' म्हणत. 1183मध्ये इब्न जुबैर नावाचा ग्रॅनडाचा कारकून हजला निघाला आणि अलेक्झांड्रियाला उतरला. त्यानं लिहून ठेवलंय: बोटीवरच्या प्रत्येकाचं नाव-गाव उतरवलं, सामान दीवानात नेलं, गर्दीत ते विस्कटलं, लोकांच्या कमरबंदांत हात घालून झडती झाली, वर आणखी काही लपवलं नाही ना म्हणून शपथा घ्यायला लावल्या. सुलतान सलाहुद्दीन इतका न्यायी, त्याच्या कानावर हे गेलंच नसणार, असंही तो म्हणतो. प्रवाशानं बंदरावर कुरकुरायचं आणि वरच्या साहेबाला मात्र निर्दोष ठरवायचं, ही रीत तेव्हाचीही होती.

इटालियन व्यापाऱ्यांनी हा शब्द कानांनी उचलला. त्यांच्याकडे तो 'दोगाना' झाला, फ्रेंचांकडे 'दुआन', आणि स्पॅनिश लोकांनी अरबी 'अल'सकट घेतला म्हणून 'आदुआना'. व्हेनिसमध्ये पाण्यात टोक काढून उभी असलेली 'पुंता देल्ला दोगाना' ही जुनी जकात-इमारत आता कलासंग्रहालय आहे. पण अरबांनी स्वतः काय केलं? आज कैरोच्या विमानतळावर कस्टम्सला 'जुमरुक' म्हणतात. तो आला तुर्कीतून, तुर्कीत ग्रीकमधून, आणि ग्रीकमध्ये लॅटिन 'कोमेर्कियुम'मधून. लॅटिनची लेकरं अरबी शब्दानं जकात घेतात आणि अरब लॅटिन शब्दानं. तो व्यापार किती दाट होता, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

राहिला सोफा. तोप्कापी राजवाड्यात घुमटाखालच्या दालनात ऑटोमन साम्राज्याचा दिवाण भरे, सोळाव्या शतकात आठवड्यातून चार दिवस. वजीर भिंतीकडेच्या गादीच्या लांबलचक बैठकीवर बसत. वर भिंतीत एक जाळीची खिडकी होती, तिच्यामागे सुलतान ऐकतोय की नाही हे कोणाला कळत नसे. युरोपीय वकिलातींनी या सभेची वर्णनं धाडली आणि वर्णनांतून नाव घसरलं: सभेवरून दालनावर, दालनावरून बैठकीवर. रशियात ते सोफ्यावर थांबलं. पोलंडमध्ये ते आणखी खाली, जमिनीवर गेलं. तिथे 'दिवान' म्हणजे गालिचा. लंडनमध्ये असल्या बैठका टाकलेल्या धूम्रपानगृहांनाच 'दिवान' म्हणू लागले. त्यांतल्या स्ट्रँड रस्त्यावरच्या एका दिवानात बुद्धिबळ रंगे. 1851मध्ये अँडरसन आणि किसेरित्स्की यांचा, पुढे 'अमर डाव' म्हणून गाजलेला सामना तिथेच झाला. आपल्या हॉलमधला उशाशी फळी नसलेला दिवाण या इंग्रजी फर्निचरच्या वाटेनं आलेला दिसतो. म्हणजे दिवाणखाना मराठीत आला दख्खनी दरबारातून आणि त्यात ठेवायचा दिवाण आला विलायतेला वळसा घालून. दोघांची भेट चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत झाली.

हिंदुस्थानात मात्र हा शब्द माणसाला चिकटला. मुघलांकडे दिवाण म्हणजे महसुलाचा प्रमुख. अकबराचा तोडरमल हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. सुभ्यात दोन अधिकारी असत. तलवार आणि गुन्हेगारांचा बंदोबस्त नाजिमाकडे, पैसा आणि जमीन दिवाणाकडे. 12 ऑगस्ट 1765 रोजी अलाहाबादेत बादशहा शाह आलमनं बंगाल, बिहार आणि ओडिशाची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीला दिली, सालीना 26 लाख रुपयांच्या बदल्यात. क्लाइव्हच्या तंबूतल्या जेवणाच्या टेबलावर खुर्ची चढवून बादशहाचं सिंहासन केलं होतं, असं सांगतात. साम्राज्य तलवारीनं मिळालं असं आपण म्हणतो. कागदावर ते वसुलीच्या वहीनं मिळालं.

दिवाण जमिनीचा, म्हणून जमिनीचे, वारशाचे, कर्जाचे तंटे त्याच्या अदालतीत. 1772मध्ये वॉरन हेस्टिंग्जनं ही वाटणी कंपनीच्या न्यायव्यवस्थेत पक्की केली: एक दिवाणी अदालत, एक फौजदारी. सदर दिवाणी अदालती 1862मध्ये उच्च न्यायालयांत विलीन झाल्या, दिवाण उरले नाहीत, नाजिम उरले नाहीत, फौजदारही गेले. तरी बांधाच्या दोन फुटांसाठी भाऊ भावावर दावा लावतो तेव्हा तो 'दिवाणी'च असतो, आणि रागाच्या भरात काठी उचलली की 'फौजदारी'. मुघल सुभ्यातली कामाची वाटणी वकिलाच्या फाइलवर जशीच्या तशी आहे.

शिवकालीन मराठी कागदांत 'दिवाण' म्हणजे नुसता माणूस नव्हे, सबंध सरकार. संस्थानी काळात तो मुख्य प्रधान झाला. तंजावरी मराठी बोलणाऱ्या घरातले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण होते. विश्वेश्वरय्या 1912 ते 1918 म्हैसूरचे. आणि त्याच शब्दाला 'जी' लावला की मराठीत उलटं काहीतरी होतं. 'दिवाणजी' म्हणजे सावकाराच्या किंवा इनामदाराच्या गादीपाशी, कानावर लेखणी खोचून, व्याजाचे आकडे मांडणारा कारकून. आदरार्थी प्रत्ययानं माणसाचा दर्जा खाली आणल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. पण माझ्या मते सगळ्या गणगोतात मूळ गावाला परत पोचलेला हाच एकटा: पुन्हा वही, पुन्हा धान्याची मापं.

नाव सारखं म्हणून प्रत्येकाला या गोतात घ्यायचं मात्र नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात 1977पासून 'दिवान' नावाच्या शाळा आहेत, ब्रेटन भाषेतून शिकवणाऱ्या. ब्रेटनमध्ये दिवान म्हणजे अंकुरणे; आपल्या दिवाणाशी संबंध शून्य. सर्बियन भाषेत 'दिवान' म्हणजे अप्रतिम, तोही स्लाव्ह मुळाचा. पण त्याच सर्बियनमध्ये गप्पा मारायला 'दिवानिती' म्हणतात, आणि तो मात्र तुर्कांच्या दिवाणातून उतरलेला. एकाच गावात एक सख्खा, एक नुसता नावबंधू.

गप्पांवरून कुवेत. तिथल्या घरात रस्त्याकडेला एक वेगळी बैठकीची खोली असते, 'दिवानिया'. संध्याकाळी पुरुष जमतात, चहा-कॉफी होते, बाजारभाव, लग्नं, भांडणं, सगळं तिथे बोललं जातं. 1986मध्ये कुवेतच्या अमिरांनी संसद बरखास्त केली. जाहीर सभेला परवानगी मिळेना, तेव्हा 1989च्या अखेरीला विरोधकांनी युक्ती काढली: दर सोमवारी कोणाच्या तरी दिवानियात जमायचं. घरातल्या बैठकीला सभा कसं म्हणणार? गर्दी वाढली, पोलिसांनी काही बैठका बंद पाडल्या, तरी बैठक पुढच्या सोमवारी दुसऱ्या घरी भरली. तुर्कस्तानात सभेची बैठक झाली होती. कुवेतमध्ये बैठकीची सभा झाली. ऑक्टोबर 1992मध्ये तिथे संसदेची निवडणूक झाली, आणि उमेदवार मतं मागायला निघाले ते एका दिवानियातून दुसऱ्या दिवानियात.